पिठाच्या कपाटाचं दार

१२ नोव्हेंबर

वन्सं,

आधी आला तो लंबू. मला वाटलं वीजमंडळाचा माणूस, म्हणून त्याला जिन्याखाली नेऊन मीटर दाखवलं. तोही बिचारा कमरेत वाकून बघत राहिला आणि म्हणाला, छान आहे. तेवढ्यात मागून खुदखुद ऐकू आली. वळून बघते तर दारात आपली नात. पाठीवर स्वतःपेक्षा मोठं बोचकं, नाक लाल, आणि बुटांचा चिखल माझ्या पुसलेल्या फरशीवर. आधी पोटाशी धरलं की आधी बूट काढ म्हटलं, ते आता आठवत नाही. नोव्हेंबरात चिखल, वन्सं. आपल्या वेळी या दिवसांत बुटाला चिखल लावायचा तर तो आधी चुलीवर वितळवावा लागला असता.

दोघं तळ्याचं बर्फ मोजायला आलेत. सरकारी काम आहे, पगारी. मी म्हटलं, बर्फ मोजायचे पैसे मिळतात हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी आज बंगल्यात असते. माणसाच्या उंचीचं गिरमिट आणलंय, त्यानं बर्फाला भोक पाडायचं आणि आत एक लांब दोरी सोडायची. दोरीला हातहात अंतरावर थर्मामीटर. ती दोरी पाणी मोकळं होईपर्यंत तिथेच राहणार, आणि ही दोघं दर पंधरवड्याला येऊन बघणार. म्हणजे नात हिवाळाभर येत जात राहणार. मला काय, बर्फ मोजा नाहीतर चांदण्या मोजा, पण मुक्काम माझ्याकडे करा.

लंबू पावाच्या सात चकत्या खातो आणि खुर्चीत बसल्या बसल्या झोपतो. पाय स्वयंपाकघर ओलांडून पार दारापर्यंत जातात. दोघांचं काही आहे का, ते मी विचारलं नाही. पण लोकरीचे मोजे विणायला घेतलेत, मोठ्या मापाचे. बघू.

त्याला आपली चादरीची रीत सांगितली तर झोपेतून जागा झाला. सासूबाईंनी घालून दिलेला नियम जसाच्या तसा सांगितला: पलीकडच्या काठाचं बर्फ वन्संनी पहारीनं ठोकून बघायचं, अलीकडचं मी. ज्या बाजूचं पक्कं झालं, त्या बाजूनं छपराच्या काठीवर लाल चादर चढवायची. दोन्ही चादरी लागल्या की वन्सं बर्फावरून गाडीनं येणार आणि आठवडाभर राहणार. समोरची चादर नसेल तर तळ्यातल्या मधल्या खांबापुढे पाऊल टाकायचं नाही, मग तिकडे कुणी मेलेलं का असेना. लंबूनं विचारलं, फोन करत नाही का? मी म्हटलं, बाबा रे, फोन काय, कुणीही करतं. चादर चढवायची तर आधी बर्फावर जाऊन यावं लागतं.

फोनचं म्हणाल तर हेही फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही शाळेतल्यासारखं "बरं, पुढे?" म्हणता आणि माझं सगळं विसरायला होतं. पत्रात कसं, तुम्हाला मध्ये बोलता येत नाही.

तळ्याला अजून नुसती साय धरलीय. तुमच्याकडे काय?

तुमची वहिनी


२० नोव्हेंबर

वहिनी,

तुझं पत्र मिळालं. शुद्धलेखनाच्या नऊ चुका आहेत. तीन वर्षं शाळेत गेलेल्या बाईला नऊ म्हणजे पास.

नातीला माझा आशीर्वाद सांग. लंबूला सांग की माझ्या वर्गात खुर्चीत झोपणाऱ्याला मी उभं करत असे.

इकडेही साय आहे. तिसऱ्यांदा धरली आणि तिसऱ्यांदा वाऱ्यानं फुटली.

एक गोष्ट लिहायची आहे, ती लांबण न लावता लिहिते. मुलानं शहरात घर घेतलं आहे. वसंतात मला तो तिकडे नेणार. माझे गुडघे आता इथे राहण्याजोगे उरले नाहीत. सडकेनं तळ्याला वळसा घालून तुझ्याकडे यायचं तर खड्ड्यांतून दोन दिवस, आणि तेवढे धक्के मला डॉक्टरनं मना केले आहेत. लाँच बंद पडून तर बारा वर्षं झाली. तुझा खुबा तुला गाडीत बसू देत नाही, ते मला ठाऊक आहे. तेव्हा भेट व्हायची ती या हिवाळ्यात बर्फावरूनच. शहर इथून आणखी दूर आहे. त्यानंतरचं काही सांगता येत नाही.

चादर लवकर लाव.

तुझी नणंद


८ डिसेंबर

वन्सं,

तुमचं पत्र मी उशीखाली ठेवून दोन दिवस काढले. गुडघ्यांना काय झालं? गेल्या वर्षी तर माझ्या जिन्यावरून तुरुतुरु चढलात. आणि अक्षर एवढं मोठं का काढलंत? एका ओळीत चार शब्द. मला अडाणीला वाचता यावं म्हणून केलं असेल तर कळतं हो मला बारीक अक्षर. पण बरं वाटलं. डोळ्यांत पाणी असलं तरी वाचता आलं.

आता इकडची गंमत ऐका. नातीला मैदा हवा होता म्हणून तिनं पिठाचं कपाट उघडलं, आणि मैदा राहिला बाजूला, पोरगी दाराच्या आतल्या अंगाकडे बघत जमिनीवर बसली ती बसलीच. तुम्हाला ठाऊक आहे तिथे माझं काय असतं. लग्न होऊन आले त्या सालापासून पेन्सिलीनं लिहीत आलेय, धरलं अमुक तारखेला, सुटलं तमुक तारखेला. बाकी मला काय लिहायला येत होतं? दुसरं लिहायला काही नव्हतंही. बावन्न ओळी. दारावर खाली जागा संपली तेव्हा खणाच्या फळीवर गेले.

वन्सं, पोरगी रडली. म्हणाली, आजी, हे कपाट नाही, हा दस्तऐवज आहे. मी म्हटलं, असेल बाई, पण त्यात पीठ ठेवते मी. मग लंबूनं पिठाचे डबे बाहेर काढले, स्वतः अर्धा कपाटात शिरला आणि एकेक ओळ मोठ्यानं वाचायला लागला. ती लिहून घेत होती. वरच्या ओळींत "धरलं" नोव्हेंबरच्या पहिल्या दुसऱ्या आठवड्यात येतं. मग हळूहळू शेवटच्या आठवड्यात. मग डिसेंबर. गेली सहा वर्षं तर जानेवारी. आणि "सुटलं" हे विसाव्या जूनवरून मेमध्ये उतरलं. मी दरवर्षी एकेक ओळ लिहिली, पण सगळ्या एकदम कधी वाचल्या नव्हत्या. आपलं मूल रोज बघतो तेव्हा वाढलेलं कळत नाही, तसं झालं. पाहुण्यानं सांगावं लागतं.

मग तिनं विचारलं, "धरलं" म्हणजे नक्की काय? मी सांगितलं, तुझी आतेआजी इकडे येऊन पोचली तो दिवस. दोघं एकमेकांकडे बघायला लागली. मला वाटलं चुकलं. पण म्हणाली, नाही आजी, उलट बरं झालं, म्हणजे माणूस आणि गाडी पेलेल इतकं बर्फ आरपार झालं तो दिवस. लंबूनं विचारलं, इतकं म्हणजे किती. मी म्हटलं एक वीत, काळं बर्फ. तर त्यानं माझा हात टेबलावर पसरून पट्टीनं वीत मोजली आणि वहीत लिहिली. आता माझी वीत सरकारदरबारी जमा आहे. याचा भाव खाण्यात मी दोन दिवस घालवले.

एकच ओळ त्यांना फार आवडली. एकतीस वर्षांपूर्वीची. तिथे मी "नाही" लिहिलंय. नात म्हणाली, एवढ्या जुन्या थंडीच्या काळात एक हिवाळा बर्फ धरलंच नाही, हे फार मोठं आहे, पलीकडच्या खोऱ्यातल्या तळ्याची नोंद तर त्या वर्षी कडाका सांगते, म्हणजे आपलं तळं काही वेगळं वागलं. रात्रंदिवस त्याच्यावर खल चाललाय. मोठ्या लोकांपुढे ती ते मांडणार आहे म्हणे.

मी चहा टाकायला उठले.

बर्फाचं म्हणाल तर गाडं अडलंय. चार बोटं धरलं आणि वर हातभर बर्फ भुरभुरलं. ते गोधडीसारखं वर बसलंय, खालच्याला थंडी लागूच देत नाही. पहार मारली की खालून पाणी वर येतं आणि सगळा लगदा. पूर्वी आधी काच धरायची, मग भुरभुरायचं. आता सगळं उलटसुलट.

तुमची वहिनी


१७ डिसेंबर

वहिनी,

शाळेत चाळीस वर्षं मी मुलांना एकच सांगत आले, पाटीवर चूक राहू देऊ नका, दुसरा कुणी ती उतरवून घेईल.

तुझ्या दारावर ज्या वर्षी "नाही" लिहिलं आहे, ते दादा गेला ते वर्ष.

त्या वर्षी तळं धरलं होतं. तारीख २ डिसेंबर, रविवार. शाळेला सुटी म्हणून मी एकटी चालत निघाले. वीतभराहून जास्त बर्फ, काळंभोर, पायाखाली काच. मधल्या खांबापर्यंत आले. तुझ्या छपरावर चादर नव्हती. धुराड्यातून धूर येत होता, म्हणजे तू घरात होतीस. मी अर्धा तास थांबले. दादाचा राखाडी मफलर मागच्या खेपेला माझ्याकडे राहिला होता, तो तुला द्यायला आणला होता. तो खांबाला बांधला आणि परत फिरले.

हे मी आजवर बोलले नाही. पुढच्या वर्षी तू चादर लावलीस, मी आले, तू सूप वाढलंस, आणि मी ठरवलं की झालं ते तळ्याच्या तळाशी गेलं. अजूनही मी विचारत नाही. पण पोर ते लोकांपुढे मांडणार असेल तर तिला कळायला हवं.

रागावून लिहिलेलं नाही.

तुझी नणंद


९ जानेवारी

वन्सं,

एवढे दिवस पत्र नाही म्हणून तुम्ही काय समजायचं ते समजला असाल. पाच वेळा लिहायला बसले. चार वेळा शेगडीत घातलं. हे पाचवं.

हे गेले ते ऑक्टोबरच्या मध्यात. लाँच काठाला ओढून ठेवलेली, तळ्यावर नुसती साय, आणि तेव्हा सडकही नव्हती. बोट घातली तर सायीनं फाटली असती, पाय ठेवला तर माणूस आत. तुम्हाला तारेनं निरोप धाडला, आणि तुमचं उत्तर आलं, "बर्फ धरलं की येते." चार शब्द. वन्सं, मला ठाऊक होतं तुम्हाला येता येणं शक्य नाही. चांगलं ठाऊक होतं. पण घरात ते नाहीत, पोरगं सोळा वर्षांचं, आणि मी ते चार शब्द रोज वाचायची. सख्खा भाऊ गेला आणि ही बाई बर्फाची वाट बघते. रागाला कुणावर तरी बसायचं असतं. ते गेले त्यांच्यावर बसवता येत नाही, तळ्यावर बसवता येत नाही. तुमच्यावर बसवला.

बर्फ धरलं ते मी पाहिलं. पहारीनं ठोकलंही. खणखणीत वाजलं. घरी आले, चादर घडी करून पेटीच्या तळाशी घातली. आणि उन्हाळ्यात पेन्सिल घेऊन दारावर लिहिलं, नाही. मनात म्हटलं, कोण बघणार आहे? पिठाशिवाय कुणी नाही.

काठी मारून पाणी दुभंगत नाही म्हणतात. म्हणणाऱ्यानं आमचं तळं पाहिलं नसावं.

आता मफलराचं सांगते आणि मग तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा. त्या जानेवारीत मासेवाल्यानं एक कडक झालेलं कापड आणून दिलं, म्हणाला खांबाला होतं, तुमच्या कामाला येईल. मी नीट बघितलंही नाही. बघायचं मन नव्हतं. तसंच गोळा करून मागच्या खिडकीच्या फटीत कोंबलं, तिथून फार वारा यायचा. तुमचं पत्र वाचलं तेव्हा मी पत्र हातात धरूनच मागच्या खोलीत गेले. स्वयंपाकाच्या चिमट्यानं ओढून काढलं. राखाडीच आहे, वन्सं. एका टोकाला त्यांनी सिगारेटीनं पाडलेलं भोक आहे, तेच. एकतीस वर्षं तुमचा भाऊ माझ्या खिडकीत वारा अडवत होता, आणि मी म्हणत होते मला कुणी नाही.

तीनदा धुतला. शेगडीजवळ वाळत घातलाय. लंबू त्याच्याकडे बघून म्हणाला, माझ्यासाठी का? मी म्हटलं, हात लावलास तर मोजे उसवीन.

नातीला सांगितलं. सगळ्यात अवघड ते. आल्या आल्या सांगणार होते, मग म्हटलं जेवू दे, मग म्हटलं झोपू दे. शेवटी सकाळी ती बूट चढवत असताना सांगून टाकलं. ती एक बूट घातलेला नि एक हातात अशी बसून राहिली. मग म्हणाली, "आजी, आपलं तळं त्या वर्षी वेगळं वागलं असं मी सगळ्यांना लिहून बसले. तुझ्यावर विश्वास ठेवला म्हणून." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं होतं. दिवसभर तळ्यावर राहिली. संध्याकाळी आली ती तुमचं पत्र मागायला. दोनदा वाचलं, आणि मग दाराशी बसून माझ्या "नाही"च्या पुढे बारीक अक्षरात लिहिलं, "२ डिसेंबर. आतेआजीनं पाहिलं." माझं खोडलं नाही. म्हणाली, दोन्ही राहू दे, दोन्ही झालंय. आणि ज्यांना लिहिलं होतं त्यांनाही रातोरात कळवून टाकलं, की चूक माझ्या आजीची आहे आणि मला तिचा राग आलेला नाही. हे दुसरं वाक्य लंबूनं मला सांगितलं.

मला माफ करा असं तोंडावर म्हणायचंय. या हिवाळ्यात काहीही होवो, मी चादर लावणार.

तुमची वहिनी


२४ जानेवारी

वहिनी,

माफीचं भेटल्यावर बघू. मफलर खिडकीत कोंबलास त्याबद्दल मात्र छडी ठरलेली आहे. दादा असता तर हसून खोकला असता.

तू एवढं मोकळं लिहिलंस, तर मीही एक लिहिते. गुडघे ठीक आहेत. डोळे गेले आहेत, धक्क्यांची मनाई त्यांच्यापायीच. पूर्ण नाही. मधोमध एक डाग बसला आहे आणि कडेकडेनं दिसतं. अक्षर मोठं काढते ते तुझ्यासाठी नाही, मला माझीच ओळ सापडावी म्हणून. तुझी पत्रं मुलगा वाचून दाखवतो, त्या नऊ चुकाही त्यानंच मोजल्या. मागचं वाचताना तो मध्येच पाणी प्यायला उठला.

तुझी चादर मला गेली दोन वर्षं दिसलेली नाही. मुलगा दुर्बिणीतून बघतो आणि "लागली" म्हणतो. मी "दिसली, दिसली" म्हणायची. शहरातले डॉक्टर म्हणतात, आहे तेवढं टिकवता आलं तर खूप. म्हणून जायचं.

तुझं तोंड आणि तुझं ते स्वयंपाकघर एकदा बघून घ्यायचं आहे. कडेकडेनं का होईना.

तुझी नणंद


२ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र मी नातीकडून दोनदा वाचून घेतलं, मला येत असूनही. तुम्ही मला फसवलंत आणि मी म्हटलं की अक्षर मोठं काढलं, किती मायेची बाई.

आता मुद्द्याचं, पळवाट काढत नाही. काठी रिकामी आहे आणि रिकामीच राहणार. का ते नीट ऐका, नाहीतर तुम्हाला जुनं आठवेल.

फेब्रुवारीत चार दिवस कडाका पडला आणि माझ्या काठाचं बर्फ झालं. मी स्वतः पहार घेऊन गेले, लंबूनं काखेत धरलं होतं. वीतभर, खणखणीत. भाच्याचा फोन आला की तुमचा काठही पक्का. म्हणजे नियमानं दोन्ही चादरी लागायला हव्यात, नाही का? मीही तेच म्हटलं. पण नात म्हणाली, थांब, मध्ये बघून येते. दोघं कमरेला दोर बांधून गेली. पन्नास पन्नास पावलांवर भोक. खांबापर्यंत ठीक. खांबाच्या पलीकडे तळ्यात शिरणाऱ्या नदीचा जोर जिथून जातो तिथे दोनशे पावलांची पट्टी आहे. तिथे वर चार बोटं पांढरं बर्फ, खाली लगदा, खाली पाणी. वरून सगळं एकसारखं गोरंपान दिसतं. गिरमिट दोन फेऱ्यांत आरपार गेलं. पूर्वी ही पट्टी शेवटी धरायची, पण धरायची. या वर्षी धरलीच नाही, आणि आता ऊन चढायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चादर काढली. वेड्यासारखं म्हणा. मनात म्हटलं, त्यांना मोजायचं वेड आहे, आम्ही पन्नास वर्षं न मोजता आलो गेलो. भाचा हुशार आहे, बाजूनं काढेल गाडी. आणि मी शब्द दिला होता. अंगणात जाऊन दोरी ओढायला लागले. चादर अर्ध्या काठीपर्यंत गेली. नात दारात उभी होती. धावत आली नाही, हात धरला नाही. एवढंच म्हणाली, "आजी, तेव्हा बर्फ होतं आणि तू चादर लावली नाहीस. आता बर्फ नाही आणि लावतेस."

वन्सं, मी त्या दोरीला तशीच लटकून उभी राहिले. दोन्ही वेळा मी माझंच बघितलं. तेव्हा माझा राग आणि आता माझी हौस, आणि बर्फावर पाऊल मात्र तुमचं. मग दोरी सैल सोडली. चादर उतरली ती नातीनं झेलली. दोघींनी मिळून घडी घातली, टोकाला टोक लावून. त्या वर्षी मी एकटीनं घातली होती.

तर काठी रिकामी आहे. भाच्याला सांगा, दुर्बिणीतून बघून तुम्हाला सांगू दे की वहिनीची काठी रिकामी आहे. ती तुमच्यासाठी रिकामी आहे.

काय लिहू आणखी? लंबूचे मोजे झाले. एक जरा मोठा झाला, पण त्याला काही फरक पडत नाही म्हणतो.

तुमची वहिनी


१४ मार्च

वहिनी,

त्या सकाळी मुलगा दुर्बीण घेऊन ओरडला, चादर चढतेय. मी कोट घातला. बूट घातले. मग तो म्हणाला, उतरली. मी कोट न काढता खुर्चीत बसून राहिले. खोटं कशाला लिहू, काही दिवस मला जुनंच वाटत राहिलं. मग तुझं पत्र आलं आणि त्यानं ते वाचलं. चादर चढली त्याच्या आधल्या दिवसापासून तो गाडी पुसून तयार ठेवून बसला होता. तो त्याच पट्टीवरून आला असता.

रिकामी काठी मिळाली. नीट दिसली.

मी त्याला सांगितलं आहे की पाणी मोकळं झाल्याशिवाय मी इथून हलत नाही. तो म्हणतो, डॉक्टरांची वेळ १० जूनची आहे, त्यापुढे एक दिवसही नाही. मी म्हटलं, चालेल. आपल्या वेळी तळं २० जूनला सुटायचं ते मला आठवतं. पण तुझ्या दाराला काय वाटतं ते विचार.

तुझी नणंद


२९ मार्च

वन्सं,

दाराला विचारलं.

मी विचारलं नाही खरं, नातीनं विचारलं. तुमचं पत्र वाचून झाल्यावर ती उठली, डबे काढले आणि कपाटासमोर मांडी घालून बसली. लंबूनं बॅटरी धरली. गेल्या दहा वर्षांतली "सुटलं" ची प्रत्येक ओळ काढली. सगळ्यात उशिराचं ३० मे. मी म्हटलं, बघ, या ओळी तरी खऱ्या आहेत. ती म्हणाली, आजी, तपासून झाल्यात माझ्या. कशी बोलते बघा. तुमच्यावर गेली आहे.

तर ठरलं असं. थर्मामीटरची दोरी काढायला त्यांना पाणी सुटल्यावर यायचंच आहे, आणि त्यासाठी त्यांना सरकारी बोट मिळणार आहे, छपराची, इंजिनाची. बोट तुमच्याच धक्क्यावरून निघते. तुमच्याकडची सडक चांगली ना. तेव्हा बोटीत आधी तुम्ही, मग दोरी, मग खांबाला वळसा आणि थेट माझ्या काठी. धक्के नाहीत, खड्डे नाहीत. तुम्ही आतल्या बाकावर बसायचं, लंबू शेजारी. त्याला उभं करू नका, त्याचं डोकं छताला लागतं. माझ्याकडे चार रात्री, आणि परत पोचवून भाच्याच्या हवाली. मग खुशाल जा शहरात, डोळ्यांना बरं वाटेल तेच करा.

गंमत बघा, ज्या उबेनं आपलं बर्फ खाल्लं, तिनंच पाणी तीन आठवडे आधी मोकळं करायचं कबूल केलंय. उपकार मानू की शिव्या घालू मला कळत नाही. नातीला विचारलं तर म्हणाली, शिव्याच घाल. तिनं सांगितलं की बर्फाच्या खाली जे जीवजंतू नि मासे राहतात त्यांच्यासाठी तर कुणी बोटही काढत नाही. मी मासेवाल्याचा विचार केला. तो हल्ली फार बोलत नाही.

काल दोघं गेली. जाताना लंबूनं दोन्ही मोजे घातले होते, आणि नातीनं त्याच्या बुटाची नाडी बांधून दिली, खाली बसून. मी खिडकीतून बघितलं. मी काही म्हणत नाही.

ती गेल्यावर पेन्सिल तासली आणि कपाट उघडलं. बावन्न ओळी झाल्या होत्या, ही त्रेपन्नावी. "धरलं" लिहिलं आणि पुढे लिहिलं, नाही. हे दुसरं "नाही" खरं आहे, वन्सं, गिरमिटानं मोजलेलं. लिहिताना पहिल्यापेक्षा जास्त दुखलं. पहिलं माझ्या हातातलं होतं, पुढच्या वर्षी चादर लावली की संपलं. हे चादरीनं संपणारं नाही.

"सुटलं" ची जागा मोकळी ठेवलीय, ती नातीनं भरायची असं कबूल झालंय. आणि तिच्या खाली, जिथे मी आजवर कधी काही लिहिलं नव्हतं, तिथे पेन्सिल ओली करून ठळक लिहून ठेवलंय, तुम्हाला कडेकडेनं वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात. मफलर घालून मी सकाळपासून काठावर उभी असेन. दिसले नाही तर मफलर तुमच्या हाताला देईन, भोक आहे एका टोकाला. दारावर लिहिलंय ते असं:

नात, लंबू आणि वन्सं. बोटीनं. ३ जून, मंगळवार.